अमावास्येचा हट्ट सोडा : ठाणे-नवी मुंबईकरांसाठी किनाऱ्यावरच्या आकाशदर्शनाची आखणी

आकाशदर्शनाची सहल म्हटली की कोणीतरी हमखास सांगतो, 'अमावास्या बघा आणि निघा.' वांगणी किंवा नेरळच्या माळरानावर जायचे असेल, तर हा सल्ला चालून जातो. श्रीवर्धन, दिवेआगर किंवा मुरूडसारख्या किनाऱ्यावर मात्र तो अर्धवट ठरतो, कारण तो देणाऱ्याने चंद्राचा विचार केलेला असतो आणि समुद्राचा केलेला नसतो. येऊरच्या डोंगरावरून किंवा खारघरच्या टेकड्यांवरून तारे पाहण्याचे प्रयत्न करून कंटाळलेल्या, आणि आता एक रात्र किनाऱ्यावर काढू इच्छिणाऱ्या लोकांसाठी हा लेख आहे. पाणी, पांघरूण, डासांचे मलम आणि खाणे बरोबर घ्यावे, हे कोणाला सांगण्याची गरज नसावी.

महिना

जून ते सप्टेंबर विसरून जावे. ऑक्टोबरात आकाश बेभरवशाचे असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, आणि दक्षिणेकडचे तारे पाहायचे असतील तर एप्रिल.

रात्र

सगळी मेख इथे आहे. हा हिशेब मलाही बराच काळ जुळत नसे, म्हणून तो सविस्तर सांगतो.

आपल्या किनाऱ्यावर अमावास्येला आणि पौर्णिमेला पूर्ण भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते, आणि ती साधी भरती नसून उधाणाची असते. मुंबईच्या आसपास अशा वेळी पाणी साडेचार मीटरच्याही वर चढते. त्यातही पावसाळ्यातली मोठी उधाणे दिवसा येतात आणि हिवाळ्यातली रात्री. म्हणजे डिसेंबरातल्या अमावास्येला, आकाश सर्वांत काळे असताना, ज्या वाळूवर सतरंजी अंथरायची ती वाळूच शिल्लक राहत नाही. पाणी सुरूच्या झाडांपर्यंत येते आणि माणसे मागे सरकत सरकत पुन्हा रस्त्यावरच्या दिव्यांखाली जाऊन बसतात. लहान मुले आणि वयस्कर मंडळी बरोबर असतील, तर काळोखात चढत्या पाण्याजवळ त्यांना बसवणे हा निव्वळ अविचार आहे.

भरतीची वेळ प्रत्येक तिथीला साधारण पाऊण तासाने पुढे जाते. किनाऱ्यावरचे जुने लोक हा हिशेब तोंडी करतात : तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, जे तास येतील त्या सुमारास पूर्ण भरती, आणि तिथून सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. कृष्ण दशमीला दहाची पाऊणपट साडेसात होते. म्हणजे संध्याकाळी साडेसातला भरती पूर्ण होते आणि पुढे मध्यरात्र उलटेपर्यंत समुद्र सतत मागे हटत राहतो. शिवाय अष्टमीच्या आसपासची ही भांगाची, म्हणजे उधाणाच्या उलट कमी जोराची, भरती असल्याने पाणी मुळातच फार वर आलेले नसते. या हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरावी आणि निघण्याआधी त्या दिवसाचा भरती-ओहोटीचा तक्ता पाहून खात्री करून घ्यावी.

आता चंद्र. त्यासाठी भिंतीवरचे कॅलेंडर पुरते. त्यात संकष्टीचा चंद्रोदय छापलेला असतो, आणि तो बहुधा रात्री नऊच्या मागेपुढे असतो. तिथून रोज सुमारे पन्नास मिनिटे वाढवत जावे. अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो आणि दशमीला पावणेदोन-दोनच्या सुमारास. हिवाळ्यात साडेसातनंतर आकाश पूर्ण काळे होते, म्हणजे दशमीला सहा तासांचा निखळ काळोख मिळतो, आणि नेमक्या त्याच सहा तासांत समुद्र आपल्यापासून दूर जात असतो. म्हणून माझे ठाम मत असे, की किनाऱ्यासाठी कृष्ण नवमी आणि दशमी या रात्री अमावास्येपेक्षा सरस आहेत. शनिवारच गाठायचा असेल, तर सप्तमीपासून एकादशीपर्यंत कोणतीही तिथी चालवून घ्यावी. सप्तमीला काळोख थोडा कमी मिळेल इतकेच.

शुक्ल पक्षातल्या तृतीया-चतुर्थीची शिफारसही काही जण करतात, कारण त्या रात्री चंद्र लवकर मावळतो. ते खरे आहे, पण चतुर्थीला ओहोटी नऊच्या सुमारास संपते आणि चंद्र मावळून काळोख होतो तोपर्यंत पाणी परत फिरलेले असते. मग निम्मे लक्ष आकाशाकडे आणि निम्मे पायांकडे, अशी रात्र जाते.

आणखी एक काळजी घ्यावी. कॅलेंडरच्या चौकटीत छापलेली तिथी ही त्या दिवशीच्या सूर्योदयाची असते. ती सकाळी नऊला संपत असेल, तर रात्री पुढची तिथी चालू असते. तिथीची समाप्तीची वेळ न वाचता बेत ठरवला, की सगळे गणित एका दिवसाने चुकते आणि दोष मात्र पंचांगाला दिला जातो.

जागा

अलिबाग जवळ पडते, पण तिथले दिवे आता फार वाढले आहेत. (विजेमुळे शहर सोडून अलिबागला येण्याची वेळ एकेकाळी चुंबकीय वेधशाळेवरही आली होती : मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचे ते काम १९०४ मध्ये अलिबागला हलवले गेले.) मुरूड त्याहून बरे, तरी उत्तरेला मुंबईचा उजेड जाणवतो. माझी पसंती श्रीवर्धनला आहे, पण गावासमोरच्या चौपाटीला नाही, कारण तिथे बंधाऱ्यावर दिवे आहेत. श्रीवर्धन आणि दिवेआगर यांच्यामधला आरावी-शेखाडीकडचा किनारा पाहावा. जागा दिवसाउजेडी पाहून ठेवावी, आणि पाहताना पश्चिमेपेक्षा दक्षिणेचे क्षितिज किती मोकळे आहे याकडे लक्ष द्यावे. पश्चिमेला समुद्र असल्याने ती बाजू उघडी असतेच, पण पाण्यावरच्या धूसर हवेत क्षितिजाजवळचे तारे तसेही बुडून जातात. दक्षिणेला डोंगराचे टोक आडवे आले, तर मात्र या सहलीतले सर्वांत चांगले तारे हातचे जातात.

दोन गोष्टींवर मी तडजोड करत नाही. पहिली म्हणजे ज्यांच्याकडे मुक्काम आहे त्या घरमालकांना आणि गावच्या पोलीस पाटलांना बेत आधी सांगावा. १९९३ मध्ये शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरवली गेली होती; रात्री वाळूवर बॅटऱ्या घेऊन फिरणाऱ्या अनोळखी माणसांकडे तिथले लोक संशयाने पाहतात, ते योग्यच आहे. दुसरी म्हणजे गाडी वाळूवर नेऊ नये, कोणी कितीही आग्रह केला तरी.

निघणे

ठाण्याहून मुंब्रा बायपास आणि शिळफाट्यावरून, वाशी-नेरूळहून सायन-पनवेल रस्त्याने पनवेल गाठावे. पुढे पेण, वडखळ, माणगाव, म्हसळा. पाच तास धरावेत. सकाळीच निघावे, दुपारी जेवून झोपावे.

वाळूवर

काळोखाला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मोबाईलचा पडदा एकदा उजळला की ती मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. त्यामुळे मोबाईल एका पिशवीत गोळा करून ती पिशवी एका कडक स्वभावाच्या माणसाकडे सोपवावी. सोसायटीतली मंडळी कुरकुर करतात, करू द्यावी. बॅटरीवर लाल जिलेटीन कागद दुहेरी गुंडाळावा, आणि तीही वाळूवर कमीत कमी वापरावी, कारण हिवाळ्यात दिवेआगर-हरिहरेश्वर भागातल्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात आणि उजेडाने ती बिचकतात.

दुर्बिणीबद्दल फार चुकीचे सल्ले दिले जातात. पहिल्या सहलीला टेलिस्कोप नेऊ नये. वीस माणसे रांगेत उभी राहतात, प्रत्येकाला अर्धे मिनिट मिळते, आणि किनाऱ्यावरच्या दमट हवेत तासाभरात भिंगावर दव धरते. ७×५० किंवा १०×५० ची हातात धरायची दुर्बीण पुरते. ती वापरात नसताना टॉवेलखाली झाकून ठेवावी आणि भिंग सदऱ्याच्या टोकाने कधीही पुसू नये, कारण हवेतल्या खाऱ्या थरामुळे आणि वाळूच्या कणांमुळे त्यावर ओरखडे पडतात.

काय पाहावे

जानेवारीत अंधार पडताच पश्चिमेकडून सुरुवात करावी, कारण तिकडचे तारे आधी जातात. वायव्येला शर्मिष्ठा हा तारकासमूह ओळखावा आणि त्याच्या आधाराने शेजारच्या देवयानी तारकासमूहातली दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह, शोधावी. ती सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे आणि अशा आकाशात नुसत्या डोळ्यांनी पुसट डागासारखी दिसते. मग डोक्यावर कृत्तिका आणि रोहिणी, पूर्वेला मृग, आणि मृगाच्या पट्ट्याची रेषा खाली वाढवली की व्याध. दुर्बीण मृगाच्या तलवारीवर रोखावी, तिथला तेजोमेघ पाहून नवखा माणूसही थांबतो.

यानंतर चहा घ्यावा आणि अगस्तीसाठी अकरापर्यंत जागावे. व्याधाच्या खालोखाल तेजस्वी असलेला हा तारा जानेवारीच्या मध्यावर अकरा-साडेअकराला ठीक दक्षिणेला येतो आणि श्रीवर्धनहून क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर असतो. हात ताठ करून धरलेली मूठ म्हणजे साधारण १० अंश, या मापाने दोन मुठींच्या किंचित खाली पाहावे. ध्रुव उत्तरेला याहून थोडा खाली, १८ अंशांवर असतो, म्हणजे त्या जागेच्या अक्षांशाइतकाच. मुलांना हे मोजायला लावावे. एप्रिलात आलात, तर साडेअकराच्या सुमारास त्रिशंकू हा क्रुसाच्या आकाराचा तारकासमूह दक्षिणेला सुमारे १२ अंशांवर येतो, पण तो धूसर हवेत हरवण्याची शक्यता मोठी असल्याने केवळ त्याच्या भरवशावर सहल आखू नये.

चंद्र उगवला की सामान आवरावे, वाळूवरचा कचरा लाल उजेडात वेचावा आणि मुक्कामी जाऊन झोपावे. त्याच रात्री गाडी हाकत ठाण्याला परतण्याचा बेत कोणी मांडला, तर त्याला सहलीला नेऊ नये.