वस्तीत डिजिटल मदतकट्टा कसा चालवावा

नवी मुंबईत ऐरोली, रबाळे आणि महापे येथे डेटा सेंटरच्या मोठाल्या इमारती उभ्या आहेत, आणि तिथून रिक्षाने थोड्याच वेळात पोहोचता येते अशा दिघ्याच्या डोंगरउतारावर इलठाणपाड्यासारख्या वस्त्या आहेत. या वस्त्यांत नेट पोहोचत नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. प्रश्न असा असतो, की घरात स्मार्टफोन एकच असतो, तो कामावर जाणाऱ्या माणसाच्या खिशातून सकाळी बाहेर पडतो आणि रात्री परत येतो. सरकारी संकेतस्थळे मात्र ओटीपीसाठी काही मिनिटेच थांबतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) कधी ना कधी इंटरनेट वापरले असे सांगणारे पुरुष ५७.१ टक्के होते, तर स्त्रिया ३३.३ टक्के. ग्रामीण भागासाठी केंद्र सरकारची डिजिटल साक्षरतेची मोठी योजना २०१७ पासून राबवली गेली. शहरातली झोपडपट्टी तिच्या कक्षेत नव्हती. म्हणून वस्तीतल्या चार-पाच जणांनी एकत्र येऊन आठवड्यातून दोनदा, सरकारी ऑनलाइन कामांत शेजाऱ्यांना मदत करणारा मदतकट्टा चालवणे हा उपाय करून पाहण्याजोगा आहे, आणि तो कसा चालवावा हे आमच्या अनुभवावरून येथे लिहीत आहे.

जागा मंडळाच्या खोलीची, समाजमंदिराची किंवा बालवाडीची चालते. वेळ मात्र विचार करून ठरवावी. ऐरोलीच्या इमारतींत घरकाम करणाऱ्या बायका दुपारी दोनच्या पुढे मोकळ्या होतात आणि साडेचारला पाण्यासाठी परत घरी लागतात, त्यामुळे त्यांच्यासाठी आठवड्याच्या मधल्या वारी दुपारी अडीच ते साडेचार, आणि कामगार व विद्यार्थ्यांसाठी रविवारी सकाळ, अशा दोन बैठका ठेवाव्यात. एक जुना पण चालता लॅपटॉप, बरा कॅमेरा असलेला एक फोन, त्याच फोनचा हॉटस्पॉट, दोन-तीन प्रकारचे चार्जर आणि एक लांब एक्स्टेन्शन बोर्ड एवढ्यावर काम सुरू होते. प्रिंटर घेण्याचा मोह टाळावा. तो आला की कट्ट्याचे झेरॉक्सचे दुकान होते आणि शाई कोणी भरायची यावरून पहिले भांडण लागते.

पहिल्या भेटीत कोणताही फॉर्म उघडू नये. आधी एकच गोष्ट शोधावी: या व्यक्तीच्या आधारला कोणता मोबाइल क्रमांक जोडलेला आहे, आणि ते सिम आज कोणाच्या हातात आहे. बहुतेक अडचणींचे मूळ इथेच सापडते. एखादा क्रमांक आधारशी जोडलेला आहे की नाही हे आधारच्या संकेतस्थळावर तपासता येते. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख पडताळणी, २०२५ मध्ये सुरू झाली, तेव्हा स्वतःच्या आधारच्या ओटीपीबरोबर पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपीही द्यावा लागत होता. आमच्या टेबलासमोर बसलेली एक ताई तेव्हा म्हणाली, “माझा ओटीपी आला, पण ह्यांचा ह्यांच्या फोनवर जातो, आणि हे कंपनीत. आत फोन नेऊ देत नाहीत.” ज्यांचे पती आणि वडील दोघेही हयात नव्हते त्यांच्यासाठी तर नंतर वेगळी सोय करावी लागली. तेव्हा अशी कामे ज्या दिवशी घरातली दोन्ही माणसे फोनसह येऊ शकतील त्या दिवसासाठी ठेवावीत, आणि तसे आधीच सांगावे, म्हणजे कोणाचा खाडा व्यर्थ जात नाही.

क्रमांक जोडलेलाच नसेल किंवा जुना असेल, तर सहसा आधार केंद्रात जावे लागते. ज्यांना रांगेत उभे राहणे जमत नाही त्यांच्यासाठी इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेची सेवा आहे. पोस्टमनमार्फत आधारमधील मोबाइल क्रमांक बदलण्याची सोय २०२१ पासून उपलब्ध आहे, त्यासाठी जवळच्या टपाल कार्यालयात चौकशी करावी. आधारविषयी शंका असल्यास १९४७ हा निःशुल्क क्रमांक आहे.

जोडलेला क्रमांक जिवंत ठेवणे हे त्याहून महत्त्वाचे आणि अधिक दुर्लक्षित काम आहे. कामाविना आलेल्या महिन्यात घरात पहिला कट लागतो तो बाईच्या सिमच्या रिचार्जला. सिम फार दिवस वापराविना राहिले की बंद होते, पुढे तो क्रमांक दुसऱ्याला दिला जातो, आणि बँकेपासून शिष्यवृत्तीपर्यंतचे सगळे ओटीपी अनोळखी माणसाकडे जाऊ लागतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना डेटा नसलेले, केवळ कॉल व एसएमएसचे रिचार्ज उपलब्ध करून देण्यास सांगितले आणि अशा विशेष रिचार्जची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवण्याची मुभा दिली. दुकानदार हे रिचार्ज आपणहून सुचवत नाही, मागावे लागते. साध्या बटणाच्या फोनमध्ये असे सिम घालून ते बाईच्या स्वतःच्या पिशवीत राहिले, तर स्मार्टफोन नसतानाही निम्मी कामे होतात.

इथे आमची चूक सांगितली पाहिजे. पहिल्या दोन महिन्यांत कामे भराभर उरकावीत म्हणून आम्ही अर्जांत आमच्याच एका कार्यकर्त्याचा मोबाइल क्रमांक आणि ईमेल घालत असू. तो नोकरीनिमित्त पुण्याला गेला, त्याने सिम बदलले, आणि सहा मुलांच्या शिष्यवृत्तीच्या खात्यांत शिरण्याचा मार्गच बंद झाला. सायबर कॅफेत आणि काही केंद्रांत नेमके हेच होते म्हणून आम्ही नावे ठेवत होतो. त्यानंतर नियम केला: अर्जात क्रमांक अर्जदाराचा, ईमेल अर्जदाराचा, आणि पासवर्ड अर्जदाराच्या घरच्या वहीत. वहीत पासवर्ड लिहू नये असे संगणकाचे जाणकार सांगतात. ज्या घरात फोन चौघे मिळून वापरतात, तिथे रेशन कार्डाच्या पिशवीत जपलेली वही फोनपेक्षा सुरक्षित असते असे माझे स्पष्ट मत आहे. बँकेचा आणि यूपीआयचा पिन मात्र तिथेही लिहू नये.

फॉर्म भरताना फोन अर्जदाराच्याच हातात असावा आणि मदतनिसाने बाजूला बसावे. वेळ तिप्पट लागतो, पण दुसऱ्या खेपेला माणूस निम्मे काम स्वतः करतो. टाइप करणे जमत नसेल तर कीबोर्डवरचे माइकचे चिन्ह दाखवावे. मराठी भाषा निवडली की बोललेले बऱ्यापैकी उमटते. भरण्याआधी नावे ताडून पाहावीत. आधारवर ‘सखूबाई’, रेशन कार्डावर ‘सखू’ आणि बँकेत नवऱ्याच्या नावाआधी आडनाव, अशा एका आजींचा अर्ज दोनदा परत आला होता. आधी नाव दुरुस्त करून मग अर्ज भरला असता तर त्यांच्या खेपा वाचल्या असत्या. कागदांचे फोटो खिडकीच्या उजेडात, सपाट टेबलावर, सावली न पडू देता काढावेत, आणि संकेतस्थळाने सांगितलेल्या केबीत (फाइलच्या आकारात) आधीच लहान करून ठेवावेत.

अकरावीच्या प्रवेशाची तयारी दहावीचा निकाल लागण्याआधी करावी. ही प्रवेशप्रक्रिया २०२५-२६ पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झाली, आणि तिच्या फेऱ्यांच्या मुदती दिवसांत मोजाव्या लागतात. ज्या मुलांकडे फोन नाही त्यांची यादी करून प्रत्येक फेरीच्या निकालाच्या दिवशी एका कार्यकर्त्याने त्यांच्या घरी जाऊन सांगणे हाच खात्रीचा मार्ग आहे. व्हॉट्सॲप गटावर टाकलेली सूचना या मुलांपर्यंत पोहोचत नाही, हे उघड असूनही आपण सगळे तेच करतो.

अंगठा न लागणे ही भांडी घासणाऱ्या आणि गवंडीकाम करणाऱ्या माणसांची नित्याची तक्रार आहे. हात धुऊन, कोरडे करून दुसरी बोटे लावून पाहावीत. तरीही जमले नाही तर आधार केंद्रात बायोमेट्रिक अद्ययावत करून घ्यावे, किंवा डोळ्यांचा वा चेहऱ्याचा पर्याय मागावा. ‘मेरा ई-केवायसी’ या ॲपवर रेशन कार्डाची पडताळणी चेहऱ्यावरून होते. चेहरा ओळखण्याची पद्धतही सर्वांना जमते असे नाही. डोळे मिचकावण्याची अट पूर्ण न करू शकणाऱ्या ॲसिडहल्लापीडितांच्या आणि दृष्टिबाधितांच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निर्णय दिला आणि डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. एखाद्या काउंटरवर “मशीन घेत नाही, आम्ही काय करणार” असे उत्तर मिळाले, तर या निकालाचा उल्लेख करून पर्यायी पडताळणीची लेखी मागणी करावी.

पैशांच्या व्यवहारात कट्ट्याने हात घालू नये. साध्या फोनवरही *९९# डायल करून किंवा बटणाच्या फोनसाठी २०२२ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय १२३पे मधून पैसे पाठवता येतात, एवढे दाखवून द्यावे. फसवणूक झाल्यास लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे. तासाभराचा उशीरही महाग पडतो.

दाखल्यांसाठी आपले सरकार संकेतस्थळावर केलेल्या अर्जाची पोच घेतल्याशिवाय कोणालाही उठू देऊ नये. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली असते, आणि मुदत टळल्यास किंवा अर्ज फेटाळल्यास ३० दिवसांत पहिले अपील करता येते. पोचपावतीवरचा अर्ज क्रमांक आणि मुदतीची तारीख त्याच घरच्या वहीत लिहावी आणि ती तारीख कट्ट्याच्या कॅलेंडरवरही मांडावी, नाव न घालता, फक्त अर्ज क्रमांकाचे शेवटचे चार आकडे.

बैठक संपल्यावर खोलीला कुलूप लावण्याआधी पंधरा मिनिटे राखून ठेवावीत. लॅपटॉपचे डाउनलोड फोल्डर आणि रिसायकल बिन रिकामे करावे, ब्राउझरमधून सगळ्यांची खाती बंद करावीत, फोनमधले आधार कार्डांचे फोटो गॅलरीतून आणि कचऱ्याच्या फोल्डरमधूनही पुसावेत. टेबलाखाली एकदा वाकून पाहावे. कोणाचे ना कोणाचे रेशन कार्ड तिथे पडलेले असतेच, आणि ते त्याच संध्याकाळी घरी पोहोचवावे.