गवत, मोथा की पाणवनस्पती? कूळ असं ओळखा

सप्टेंबर ते नोव्हेंबर हा या कामाचा हंगाम. पाऊस ओसरतो आणि हतनूर धरणाचा काठ, धुळ्याचा नकाणे तलाव, केळीच्या बागांमधले पाट, सगळीकडे फुलोरा धरलेला असतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग, ब्लेड, सुई आणि पांढरी ताटली बरोबर घ्या. रोप मुळासकट काढा आणि बुडखा पाण्यात खळखळून धुवा. नुसता तुरा खुडून आणलात तर अर्धा पुरावा बांधावरच राहतो.

आधी पाकळ्या बघा. रंगीत पाकळ्या असतील तर ते गवत नाही आणि मोथाही नाही. केना फुलण्याआधी गवतासारखा दिसतो; त्याचं निळं फूल होडीसारख्या दुमडलेल्या पानातून बाहेर आलं की वाद मिटतो. तो कॉमेलिनेसी कुळातला.

आता गवताचं कूळ, पोएसी, आणि मोथ्याचं कूळ, सायपरेसी. खरी गफलत इथेच होते. ‘तिकोनी खोड म्हणजे मोथा, गोल आणि पोकळ खोड म्हणजे गवत’ हे सूत्र जो तो सांगतो आणि ते अर्धवट आहे. दादर ज्वारीचं ताट आडवं कापा: आत भरीव गर. ऊस, मका यांचंही तेच, आणि ही सगळी गवतंच. उलट डबक्यात वाढणाऱ्या एलिओकॅरिस किंवा शीनोप्लेक्टसच्या बऱ्याच जातींची खोडं गोल असतात आणि तरी ते मोथ्याच्या कुळातले. लव्हाळ्यासारखं स्पष्ट तिकोनी खोड दिसलं तर मोथ्याकडे कल धरायला हरकत नाही, पण खोड गोल आहे एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

भरवसा ठेवावा तो पानाच्या आवरणावर, म्हणजे पानाचा जो खालचा भाग खोडाला गुंडाळलेला असतो त्यावर. पात्याच्या विरुद्ध बाजूला भिंग लावा. गवतात आवरणाची एक कड दुसरीवर चढलेली दिसते; त्या फटीत सुई सारली की आवरण न फाटता पेरापर्यंत उलगडतं. मोथ्यात ती बंद नळी असते, सुई शिरायला फटच नसते आणि जोर केला तर नळी फाटते. इथे घाई नडते. जून आवरण आतल्या वाढीने आपोआप चिरतं, मग मोथ्याचं गवत होऊन बसतं. म्हणून सर्वांत खालचं, पिवळं पडलेलं पान घेऊच नका. वरचं कोवळं, हिरवं घ्या. लव्हाळ्याची आवरणं मातीलगत असतात, चिखल लागलेला असेल तर काहीच दिसत नाही. बुडखा धुवायचा तो यासाठीच.

जोडीला खोडाची ठेवण बघा. गवताच्या खोडावर वरपर्यंत फुगीर पेरं असतात आणि पानं दोन रांगांत निघतात. लव्हाळ्यात पानं बुडाशी, तीन रांगांत. तिथून तुऱ्यापर्यंत खोड सरळ, बिनपेराचं. पातं आणि आवरण जुळतात तिथली पातळ जीभ किंवा केसांची झालर ही गवताची खूण म्हणून सांगतात. खूण चांगली, पण पाटाकाठच्या रानटी सावाला (एकिनोक्लोआ कोलोना) ती जीभ नसतेच. जीभ नाही म्हणून मोथा ठरवू नका.

शेवटी कणीस सुईने उकला. मोथ्यात प्रत्येक फुलाला एकच खवला, गवतात फूल सहसा दोन खवल्यांच्या मधे. गवताचे परागकोश मध्यावर टांगलेले म्हणून वाऱ्यावर झुलतात. मोथ्याचे बुडाशी जोडलेले, ताठ. आवरण एक सांगतंय आणि कणीस दुसरंच, असं झालं तर बहुधा आवरण जून होतं. दुसरं पान घ्या.

पाणकणीस तपकिरी दंडुक्यावरून लांबूनच कळतं: टायफेसी. गवतासारख्या रोपाच्या बारीक फुलाला सहा तपकिरी खवलेवजा पाकळ्या आणि फळात बरंच बी दिसलं तर जंकेसी.

पाण्यात बुडालेली रोपं ताटलीत पाणी घेऊन तरंगवा, हातात धरली की ती चिकटून गोळा होतात. हायड्रिलाची पानं एका पेरावर तीन ते आठच्या चक्रात, कडा दातेरी, कूळ हायड्रोकॅरिटेसी. फितीसारखी लांब पानं बुडातूनच निघत असतील आणि मादीफुलाचा देठ वेटोळ्याचा असेल तर व्हॅलिस्नेरिया, कूळ तेच. चक्रातली पानं टोकाकडे दुभंगलेली आणि रोपाला मूळच नाही: सेराटोफायलम. हाताला करकरीत आणि लसणासारखा वास? ते कारा हे शेवाळ, त्याला फूल येतच नाही. टाकून द्या.

तरंगत्या पानांत कमळ आणि कुमुद सर्रास एकच समजतात. कमळाच्या पानाला चीर नसते आणि देठ पानाच्या मध्याला जोडलेला. कुमुदाचं पान देठापर्यंत चिरलेलं. कुळंही वेगळी: नेलुंबोनेसी आणि निम्फिएसी. कुमुदासारखंच छोटं पान, पण पांढऱ्या फुलांचा झुबका पानाच्याच देठावर वर आलेला दिसला तर ते निम्फॉइडिस, कूळ मेनिअँथेसी. जलपर्णी पाँटेडेरिएसीतली, गोंडाळ आणि टिकलीएवढी लेम्ना या दोन्ही अळूच्या कुळातल्या. जुन्या पुस्तकांत लेम्नाचं कूळ स्वतंत्र दिलेलं सापडेल.

नमुना वाळवायचा तर बुडालेली रोपं पाण्यातच कागद खाली सरकवून उचला. मोथ्याची जातही ठरवायची असेल तर पिकलेलं फळ लागतं. कोवळा तुरा हाती आला असेल तर जागा लिहून ठेवा आणि फळ धरल्यावर पुन्हा जा.