रोमन विजयाचं नाणं कसं वाचायचं

रोमन नाण्याचा फोटो आला की सगळे आधी सम्राटाचं नाकच बघत बसतात, पण विजयाच्या नाण्यात खरी गंमत मागच्या बाजूला असते. तरी सुरुवात पुढूनच करा, कारण साल बऱ्याचदा तिथेच सापडतं.

अक्षरांमध्ये जागा फारशी सोडलेली नसते आणि यूच्या जागी व्ही कोरलेला असतो, तेवढं लक्षात ठेवून 'कॉस' शोधा, म्हणजे कॉन्सल, रोममधलं सर्वोच्च पद, आणि त्याच्या पुढचा रोमन आकडा बघा, तो कितव्यांदा कॉन्सल ते सांगतो. सम्राट व्हेस्पेशियनच्या सेस्टर्शियस नावाच्या मोठ्या पितळी नाण्यावर कॉस ३ असेल तर साल इ.स. ७१, म्हणजे जेरुसलेम रोमनांच्या हाती पडलं त्याच्या पुढच्याच वर्षीचं.

आता नाणं उलटा. मध्ये खजुराचं झाड, त्याखाली मान खाली घालून बसलेली बाई, दुसऱ्या बाजूला हात बांधलेला कैदी नाहीतर भाला घेऊन उभा सम्राट, आणि कडेने 'इउदेया काप्ता', म्हणजे जुडिया (जेरुसलेमचा प्रांत) जिंकला. ती बाई म्हणजे अख्खा प्रांत. पंखवाली दिसली तर ती व्हिक्टोरिया देवी, आणि खांबाला शत्रूची ढाल-चिलखत टांगलेली असतील तर ते विजयचिन्ह.

न लढता मिळालेला विजय ओळखायला जरा जास्त बघावं लागतं. सम्राट ऑगस्टसच्या देनारियस या चांदीच्या नाण्यावर एक पार्थियन (पूर्वेकडच्या इराणी साम्राज्यातला, रोमचा शत्रू) गुडघ्यावर बसून रोमन सैन्याचं निशाण पुढे करतोय, त्या झेंड्यावर चक्क एक्स कोरलाय. इ.स.पू. ५३ मध्ये रोमन सेनापती क्रॅससने कार्हीच्या लढाईत पार्थियनांकडे गमावलेली निशाणं ऑगस्टसने इ.स.पू. २० मध्ये वाटाघाटी करून परत आणली, लढाई झालीच नाही, पण नाण्यावर शत्रू गुडघ्यावर! सम्राट ट्राजनच्या 'रेक्स पार्थिस दातुस' (पार्थियनांना राजा दिला) असं लिहिलेल्या नाण्यावर तर ट्राजन पार्थियनांना राजा बहाल करतोय, आणि ट्राजन गेल्यावर त्या राजाला पार्थियनांनी हाकलून दिलं.

म्हणून समोरची पार्टी काय म्हणते तेही बघायचंच. रोमन सम्राट फिलिप द अरबच्या नाण्यावर 'पर्शियनांशी शांतता प्रस्थापित' असं ऐटीत लिहिलंय (साल २४४), आणि तिकडे पर्शियाचा राजा शापूर पहिला आपल्या शिलालेखात सांगतो की फिलिपने ५ लाख दिनार मोजले. माझा विश्वास शापूरवर थोडा जास्त, पण फुशारकी तोही मारणारच ना.

नाणं नेमकं कुठलं ते जुळवायला ऑक्रे (OCRE) नावाचा ऑनलाइन कॅटलॉग फुकट आहे. विकत घेणार असाल तर आधी कडा बघा, ही नाणी ठोकून पाडलेली असायची, त्यामुळे कडेला साच्याची शिवण दिसली की नाणं ओतलेलं, म्हणजे बहुधा नकली, सरळ सोडून द्या.