परक्या दीर्घिकेतील मॅग्नेटारचा महाउद्रेक कसा टिपावा आणि कसा ओळखावा

मॅग्नेटार म्हणजे अतिप्रबळ चुंबकीय क्षेत्राचा न्यूट्रॉन तारा, म्हणजे मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेला अतिघन गाभा. त्याच्या महाउद्रेकाची प्रखर झोत-अवस्था सेकंदाच्या काही दशांशांतच संपते आणि तो कोणत्या दीर्घिकेत केव्हा होईल हे आधी सांगता येत नाही. त्यामुळे एखाद्या दीर्घिकेवर दुर्बीण रोखून वाट पाहण्यात अर्थ नसतो. सतत मोठे आकाश न्याहाळणाऱ्या अवकाशयानांच्या गॅमा किरण नोंदींतून उद्रेक हुडकावा लागतो आणि मग तो मॅग्नेटारचाच आहे हे सिद्ध करावे लागते. खरी मेहनत या दुसऱ्या कामात आहे.

आपल्या जवळपासचे तीन महाउद्रेक निर्विवाद आहेत: ५ मार्च १९७९, २७ ऑगस्ट १९९८ आणि २७ डिसेंबर २००४. यांपैकी पहिला मोठ्या मॅगेलन मेघातील, म्हणजे आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतील होता. तिन्ही वेळा झोतामागून काही मिनिटे टिकणारे शेपूट दिसले आणि ते ताऱ्याच्या स्वतःभोवती फिरण्याच्या तालावर कमी-जास्त होत होते. २००४ मध्ये हा ताल ७.५६ सेकंदांचा होता. ओळख पटवायला याहून चांगली खूण नाही. मात्र त्याच २००४ च्या उद्रेकाने बहुतेक शोधक उपकरणे संपृक्त झाली, म्हणजे मुख्य झोत नीट मोजताच आला नाही. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरील उद्रेकात नेमके उलटे घडते: झोत व्यवस्थित मोजता येतो, पण शेपूट इतके क्षीण असते की दिसत नाही. म्हणून तेथे परिस्थितिजन्य पुराव्यावर भिस्त ठेवावी लागते.

सुरुवात वेळेपासून करावी. नासाच्या फर्मी यानावरील जीबीएम हे गॅमा किरण स्फोट टिपणारे उपकरण प्रत्येक फोटॉनची वेळ २ मायक्रोसेकंदांच्या अचूकतेने नोंदवते आणि ही विदा सर्वांना खुली आहे. तिचा आलेख १ किंवा २ मिलिसेकंदांच्या टप्प्यांत काढावा. ६४ मिलिसेकंदांचे टप्पे घेतल्यास काही मिलिसेकंदांतच होणारी चढण त्यांत बुडून जाते. १५ एप्रिल २०२० चा उद्रेक, जीआरबी (गॅमा किरण स्फोट) २००४१५ए, अवघा सुमारे १४० मिलिसेकंद टिकला होता. ऊर्जेनुसार वेगळे आलेखही काढावेत, कारण महाउद्रेकाचा झोत मॅग्नेटारच्या नेहमीच्या लहान स्फोटांपेक्षा कितीतरी अधिक ऊर्जेच्या फोटॉनांचा असतो. एवढ्यावर निकाल मात्र देऊ नये; दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून येणारा अल्पकालीन गॅमा किरण स्फोटही असाच दिसू शकतो.

यानंतर जागा. जीबीएमने दिलेली दिशा काही अंशांनी चुकू शकते आणि तेवढ्या आकाशात दीर्घिकांना तोटा नसतो. म्हणून दूरदूरच्या यानांवर उद्रेक पोहोचण्याच्या वेळांतील फरक वापरावा. दोन यानांच्या वेळांतून आकाशात एक वर्तुळाकार पट्टा मिळतो, तिसऱ्या यानामुळे पट्टे एकमेकांना छेदतात. यानांमधील अंतर १० प्रकाशमिनिटे असेल आणि वेळेतील चूक १० मिलिसेकंद असेल, तर अनुकूल भूमितीत पट्ट्याची अनिश्चितता साडेतीन विकलांच्या (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आसपास येते. यानांची घड्याळे व स्थाने तपासल्याशिवाय या आकड्यावर विश्वास ठेवू नये. २०२० मध्ये हा झोत पृथ्वीजवळच्या यानांच्या साडेसहा मिनिटांहून थोडे आधी मंगळावर पोहोचला होता. मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स ओडिसी व इतर यानांच्या वेळा जुळवून जे क्षेत्र मिळाले, ते शिल्पकार तारकासमूहातील एनजीसी २५३ या दीर्घिकेवर पडले. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी युरोपच्या इंटिग्रल या गॅमा किरण यानाने एम ८२ या दीर्घिकेतील स्फोट थेट आपल्या दृष्टिक्षेत्रात पकडला आणि १३ सेकंदांत जगभर सूचना गेली.

दीर्घिका सापडली की योगायोगाची शक्यता मोजावी. येथे फसगत सोपी असते: स्फोटानंतर सोयीची दीर्घिका शोधून गणित मांडले, तर ते हमखास बाजूने येते. कोणत्या दीर्घिका ग्राह्य धरायच्या, त्यांची यादी आधीच ठरवावी आणि तिच्यात जवळच्या, वेगाने तारे घडवणाऱ्या दीर्घिकांना अधिक वजन द्यावे. मॅग्नेटार तरुण असतात, त्यामुळे ते अशाच ठिकाणी अपेक्षित आहेत. मग ऊर्जा काढावी. दीर्घिका सुमारे ३५ लाख पार्सेकवर (एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे) असेल आणि दर चौरस सेंटिमीटरला एक अर्गचा (अर्ग हे ऊर्जेचे एकक) दहा लाखावा भाग इतकी ऊर्जा आली असेल, तर सर्व दिशांना मिळून सुमारे दीड गुणिले १० चा ४५ वा घात अर्ग निघतात. ही रक्कम महाउद्रेकाला शोभते. मीलनातील स्फोटांच्या नेहमीच्या हिशोबात ती फारच तोकडी आहे.

न दिसलेल्या गोष्टीही पुराव्यात मोडतात, परंतु निरीक्षण किती खोलवर गेले हे नमूद केले तरच. एम ८२ च्या वेळी क्ष-किरण किंवा दृश्य प्रकाशातील उत्तरदीप्ती, म्हणजे स्फोटानंतर रेंगाळणारी चमक, आढळली नाही, गुरुत्वीय लहरीही मिळाल्या नाहीत. इतक्या जवळ मीलन झाले असते तर लहरी निसटणे कठीण होते. उलट, झोत संपला म्हणून विदा लगेच बंद करू नये. २०२० मध्ये फर्मीवरील लॅट या उच्च ऊर्जेचे गॅमा किरण टिपणाऱ्या दुसऱ्या उपकरणाने १९ ते २८४ सेकंदांनंतर तीन उच्च ऊर्जेचे फोटॉन टिपले आणि त्यांपैकी दोन १ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वरचे होते. क्ष-किरण दुर्बीण काही मिनिटांत वळवता आली, तर शेपटासाठी तालाचा शोध जरूर घ्यावा. त्यासाठी एकच आवर्तकाळ गृहीत धरू नये: ज्ञात तिन्ही उद्रेकांत तो ५ ते ८ सेकंदांच्या आसपास होता, पण परक्या दीर्घिकेतील तारा त्याच मर्यादेत फिरत असेल असे मानण्याचे कारण नाही.