माझा सुंदर बँड ट्युब्युलिनचा निघाला

पीएचडीला लागल्यावर पहिले तीन महिने मी वेस्टर्न ब्लॉटमधल्या एका चुकीच्या बँडवर खूश होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझ्याबद्दल उगाच आदर वाटणार नाही आणि मलाही मोकळेपणानं लिहिता येईल.

माझं एन्झाइम एसटी६गॅल१. प्रथिनं पेशीतल्या गॉल्जी नावाच्या कप्प्यातून बाहेर पडण्याआधी त्यांच्यावरच्या साखरेच्या साखळीच्या टोकाला, गॅलॅक्टोजवर, ते सियालिक आम्ल बसवतं, आणि तेही अल्फा-२,६ अशा ठरावीक जोडणीनं. हा जोडणीचा आकडा मला सुरुवातीला पाठच होईना. मग कुठेतरी वाचलं, की माणसात पसरणारे इन्फ्लुएन्झाचे विषाणू मुख्यतः अल्फा-२,६ जोडणीच्या सियालिक आम्लाला चिकटतात आणि पक्ष्यांमधले अल्फा-२,३ जोडणीच्या. त्यानंतर कधी विसरले नाही. काही कॅन्सरमध्ये हे एन्झाइम वाढलेलं दिसतं, म्हणून आमच्या पुण्यातल्या लॅबला त्यात रस. माझ्या वाट्याला आलेलं काम म्हणजे माणसाच्या पेशींमध्ये ते किती आहे हे अँटिबॉडीनं दाखवायचं. पद्धत वेस्टर्न ब्लॉटची: पेशी फोडून केलेल्या लायसेटमधली प्रथिनं जेलवर वजनाप्रमाणे वेगळी करायची, कागदासारख्या पातळ मेम्ब्रेनवर उतरवायची, आणि अँटिबॉडी जिथे चिकटेल तिथे पट्टा, म्हणजे बँड, दिसतो. "साधं आहे, दोन महिन्यांत होईल," असं मॅडम म्हणाल्या होत्या.

अँटिबॉडी आली तेव्हा १०० मायक्रोलिटरची ट्यूब होती आणि बिल ४० ते ५० हजारांच्या घरात. बाहेरून मागवलेली, त्यामुळे दीड महिना वाट बघण्यात गेलेला. इथे पहिली सूचना: ट्यूब उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये काही सेकंद फिरवा. प्रवासात निम्मा माल झाकणाला चिकटलेला असतो आणि झाकण उघडताना तो हातमोज्यावर जातो. दुसरी: त्यात ५० टक्के ग्लिसरॉल असेल तर उणे २० ला ती गोठत नाही, तशीच ठेवा. ग्लिसरॉल नसेल तर लगेच छोटे छोटे भाग करून ठेवा, म्हणजे तीच ट्यूब पुन्हा पुन्हा वितळवावी लागणार नाही.

मी हे सगळं व्यवस्थित केलं. डेटाशीट मात्र वाचली नाही. वाचली म्हणजे किती पातळ करायची तो आकडा बघितला, १ ला १०००, आणि कागद फाइलला लावला. वाचायला हवं होतं ते इम्युनोजेनच्या पुढे लिहिलेलं: प्राण्याला नेमकं काय टोचून ही अँटिबॉडी बनवली. आपलं एन्झाइम ४०६ अमिनो आम्लांचं. पहिली नऊच गॉल्जीच्या बाहेर, सायटोसॉलकडे, म्हणजे पेशीतल्या द्रवाकडे असतात. मग पडद्यातून जाणारा तुकडा, त्यानंतर एक देठ, आणि मोठा कामाचा भाग गॉल्जीच्या आत. शिवाय बेस-१ नावाचं दुसरं एन्झाइम त्या देठापाशी कात्री चालवतं आणि कामाचा भाग सुटा होऊन पेशीबाहेर जातो. म्हणजे अँटिबॉडी सुरुवातीच्या टोकावर बनवलेली असेल तर ती हा सुटा तुकडा कधीच दाखवणार नाही. शेवटच्या टोकावरची असेल तर दोन्ही दाखवेल, पण दोन उंचीवर. एकाच लायसेटमध्ये दोन अँटिबॉडी वेगवेगळं चित्र देतात तेव्हा त्या भांडत नसतात, वेगवेगळ्या गोष्टी बघत असतात.

आता माझा पराक्रम. अँटिबॉडी महाग, म्हणून मी एक काटकसरीची पद्धत काढली होती. मेम्ब्रेनवर आधी ट्युब्युलिनची, म्हणजे सगळ्या पेशींत साधारण सारख्याच असणाऱ्या प्रथिनाची अँटिबॉडी लावायची, सगळ्या लेनमध्ये, म्हणजे नमुन्यांच्या रांगांमध्ये, माल सारखा पडलाय का ते बघायचं, आणि पडला असेल तरच दुसऱ्या दिवशी त्याच मेम्ब्रेनवर महागडी अँटिबॉडी घालायची. ट्युब्युलिनची अँटिबॉडी उंदराची, माझी सशाची. बँड दिसतो तो सेकंडरीमुळे, म्हणजे पहिल्या अँटिबॉडीला धरणाऱ्या दुसऱ्या अँटिबॉडीमुळे. सशासाठीची सेकंडरी उंदराच्या अँटिबॉडीला धरणार नाही, मग मधे स्ट्रिपिंग, म्हणजे आधीच्या अँटिबॉडी धुऊन काढणं, कशाला? या तर्काचा मला अभिमान होता.

बँड इतका सुरेख यायचा! हेप-जी२ या यकृताच्या कॅन्सरपेशींमध्ये, ५० किलोडाल्टनच्या (हे प्रथिनाच्या वजनाचं माप) आसपास, एकच, रेखीव. एन्झाइमचं हिशेबाचं वजन ४६-४७ किलोडाल्टन, वर त्याची स्वतःची साखर, म्हणजे ५० बरोबरच. मी तीन महिने ब्लॉट जमवले, डेन्सिटोमेट्री केली, म्हणजे बँडचा गडदपणा मोजला, लॅब मीटिंगमध्ये आलेख दाखवले.

लॅबमधल्या सीनिअर ताईंनी एकदा विचारलं, "निगेटिव्ह काय घेतलंस?" मी म्हटलं, निगेटिव्ह पेशी कुठून आणू, हे एन्झाइम तर सगळीकडे थोडंफार असतंच. त्या म्हणाल्या, "शेजारच्या टेबलावर सीएचओ आहेत ना." सीएचओ म्हणजे हॅमस्टरच्या अंडाशयातून आलेल्या पेशी, औषधी प्रथिनं बनवायला जगभर वापरतात त्या. या पेशींमध्ये हे एन्झाइम तयारच होत नाही. त्यांनी बनवलेल्या प्रथिनांवर सियालिक आम्ल असतं ते अल्फा-२,३ जोडणीचं. जिथे काहीच दिसायला नको असा तयार नमुना माझ्यापासून चार पावलांवर होता.

सीएचओच्या लेनमध्ये तोच बँड आला. तेवढाच सुंदर.

मग ताईंनी माझी अँटिबॉडी न घालता नुसती सेकंडरी लावायला सांगितली. बँड होता. मग काहीच न लावता, कालच्या ट्युब्युलिनच्या मेम्ब्रेनवर नुसतं ईसीएल, म्हणजे बँड उजळवणारं द्रावण, ओतायला सांगितलं. बँड होता! आदल्या दिवशीच्या, उंदरासाठीच्या सेकंडरीला जोडलेलं एचआरपी, ईसीएलमधून उजेड काढणारं एन्झाइम, अजून मेम्ब्रेनवर जिवंत बसलं होतं, आणि ट्युब्युलिनही ५० च्या आसपासच धावतं. माझी अँटिबॉडी तीन महिने बिचारी मेम्ब्रेनवरून वाहून जात होती आणि मी ट्युब्युलिन मोजत होते. आलेखातले सगळे रकाने सारख्या उंचीचे का येत होते, तेही त्या दिवशी कळलं. ते यावेत म्हणूनच तर ट्युब्युलिन लावतात.

तुमचं प्रथिन आणि लोडिंग कंट्रोल (माल सारखा पडलाय का ते दाखवणारं प्रथिन, माझ्याकडे ट्युब्युलिन) एकाच उंचीचे असतील तर कंट्रोल बदला. जीएपीडीएच ३७ च्या आसपास असतं, व्हिन्क्युलिन १०० च्या वर. आणि महागडी अँटिबॉडी आधी, ताज्या मेम्ब्रेनवर. वापरलेलं पातळ द्रावण सोडियम अझाइड घालून पुन्हा वापरता येतं. मात्र अझाइड एचआरपीला मारतं, त्यामुळे सेकंडरीत ते चुकूनही नको.

नव्यानं केलेल्या ब्लॉटवर खरा बँड दिसला: फिका, जरा पसरट, हेप-जी२ मध्ये आहे आणि सीएचओमध्ये नाही. पसरट बँड बघून नवी मुलं नाराज होतात. साखर चढलेल्या प्रथिनाचा बँड तसाच असायचा, कारण प्रत्येक रेणूवर साखर थोडी वेगळी असते. पडताळा सोपा आहे. लायसेट उकळून प्रथिनाची घडी मोडा, पीएनगेज-एफ हे साखर कापणारं एन्झाइम घाला, ३७ अंशांवर ठेवा. साखर उतरली की बँड आखडतो आणि खाली सरकतो. माझा सरकला, तेव्हा मी कँटीनमध्ये सगळ्यांना चहा पाजला.

इथे थांबले असते तर निम्मंच काम झालं असतं.

जर्नल क्लबला मला जुने पेपर घ्यायला सांगितले होते. रोगप्रतिकार करणाऱ्या बी पेशींच्या पृष्ठभागावर सीडी७५ नावाची एक खूण होती, तिला ओळखणाऱ्या अँटिबॉडी होत्या. १९९० मध्ये एका गटानं लिहिलं, की सीडी७५ म्हणजे हेच एन्झाइम, पेशीच्या पृष्ठभागावर बसलेलं. १९९२ मध्ये दुसऱ्या गटानं दाखवलं, की नाही, अँटिबॉडी एन्झाइमला ओळखतच नाही, एन्झाइमनं बनवलेल्या साखरेला ओळखते. पहिल्या गटाला हसण्यात अर्थ नाही, सापळाच तसा आहे. पेशीत जीन घाला, अँटिबॉडी चिकटायला लागते. जीन काढा, चिकटायची थांबते. अँटिबॉडी एन्झाइमला धरत असो वा साखरेला, उत्तर तेच येतं. म्हणजे ज्या नॉकआउट (जीन काढलेल्या पेशींच्या) कंट्रोलला आपण शेवटचा शब्द मानतो, तो साखरेच्या एन्झाइमांपुढे एकटा पुरत नाही.

उपाय महाग नाही. नमुन्यावर आधी न्युरामिनिडेज चालवा, ते टोकाचं सियालिक आम्ल कापतं. अँटिबॉडी एन्झाइमची असेल तर सिग्नल राहतो, फार तर बँड जरासा हलतो. सिग्नल पुसलाच गेला तर तुम्ही साखर बघत होता. कृत्रिम पेप्टाइडवर किंवा जिवाणूंमध्ये बनवलेल्या तुकड्यावर तयार केलेल्या अँटिबॉडीत हा धोका कमी, कारण टोचलेल्या वस्तूवर ती साखर नव्हतीच. आख्ख्या पेशी टोचून बनवलेल्या जुन्या अँटिबॉडींच्या बाबतीत मी आजही आधी न्युरामिनिडेज करते. डेटाशीटमधली इम्युनोजेनची ओळ का वाचायची, याचं हे दुसरं कारण.

नॉकआउट तरीही कराच. एसटी६गॅल१ काढलं तरी पेशी डिशमध्ये नीट वाढतात, हे आपलं नशीब. ओजीटी या दुसऱ्या साखर-एन्झाइमवर काम करणाऱ्यांना ती सोय नाही, ते पूर्ण काढलं की पेशी मरतात. जीन न काढता नुसतं दाबणारं एसआय-आरएनए वापरणार असाल तर घाई नको. आरएनए आधी उतरतो, प्रथिन मागून, आणि पृष्ठभागावरची जुनी साखर त्याहूनही मागून.

ही पृष्ठभागावरची साखर बघायला एसएनए हे लेक्टिन, म्हणजे साखरेला धरणारं प्रथिन, वापरतात, एल्डरबेरीच्या झाडाचं, अल्फा-२,६ जोडणी ओळखणारं. त्याच्या ब्लॉटला ब्लॉकिंगसाठी, म्हणजे मेम्ब्रेनवरच्या रिकाम्या जागा झाकायला, दुधाची पावडर घालू नका. दुधातल्या प्रथिनांवर भरपूर सियालिक आम्ल असतं, आख्खं मेम्ब्रेन काळं होतं. मुळात १९७७ मध्ये हे एन्झाइम शुद्ध केलं गेलं ते गाईच्या चिकातून. हे वाचल्यापासून खरवस खाताना मला माझं एन्झाइम आठवतं, घरच्यांना याचं कौतुक नाही. त्याच कारणानं, सुटा तुकडा माध्यमात शोधायचा असेल तर पेशी आधी सीरमशिवाय ठेवा. वासराच्या सीरममध्ये गाईचं एन्झाइम असू शकतं.

सूक्ष्मदर्शकाचं थोडक्यात. सिग्नल केंद्रकाशेजारी चंद्रकोरीसारखा, टीजीएन४६ या गॉल्जीची खूण असलेल्या प्रथिनाच्या जवळपास यायला हवा. ट्रायटन या डिटर्जंटनं पडद्याला भोकं पाडल्याशिवाय अँटिबॉडी आत पोहोचत नाही. ट्रायटन न घालताही पेशीची कड झगझगीत उजळली तर सीडी७५ आठवा. ब्रेफेल्डिन-ए हे रसायन दिल्यावर गॉल्जी विखुरतो, त्याबरोबर सिग्नलही विखुरला पाहिजे.

प्रोजेक्ट असिस्टंटच्या मुलाखतीला जाणाऱ्यांना एक सांगते. "वेस्टर्न येतं का?" याला सगळेच हो म्हणतात. "शेवटच्या ब्लॉटला निगेटिव्ह काय होतं?" हा पुढचा प्रश्न असतो, आणि मुलाखत तिथे ठरते. आता समोरच्या बाजूला मीही कधीकधी बसते, म्हणून ठाऊक आहे.

दुसऱ्या वर्षी त्याच कॅटलॉग नंबरची नवी ट्यूब मागवली, तर बँड ७० च्या वर. पॉलिक्लोनल, म्हणजे थेट सशाच्या रक्तातून काढलेली होती, ससा बदलला असणार. कंपनीनं तीन मेलनंतर पैसे परत दिले, पण महिना गेला तो गेलाच. तेव्हापासून वहीत अँटिबॉडीच्या नावापुढे लॉट नंबर लिहिते. जुन्या लॉटचे दोन भाग आणि हेप-जी२, सीएचओ, नॉकआउट अशा तीन लायसेटच्या ट्यूब उणे ८० च्या खालच्या खणात वेगळ्या डब्यात असतात. डब्यावर मार्करनं लिहिलंय: विचारल्याशिवाय हात लावू नये. नवा लॉट आला की पहिलं जेल त्या डब्यातल्या मालाचं, दोन्ही लॉट शेजारी शेजारी.