हौशी शर्यतीसाठी ब्रेक फेड कसा ओळखावा आणि ब्रेक पॅड कसे निवडावेत

कसारा घाट उतरताना भरलेल्या ट्रकमागे येणारा जळका वास नाशिककरांना नवा नाही. तो तापलेल्या ब्रेक लायनरचा, म्हणजे ड्रमवर घासणाऱ्या अस्तराचा, वास असतो. घरची हॅचबॅक घेऊन डांबरी ट्रॅकवर उतरणाऱ्या हौशी चालकाला तोच वास चौथ्या-पाचव्या फेरीत स्वतःच्या गाडीतून आला, की परत आल्यावर तो बहुधा आधी पॅडचे दुकान गाठतो. मीही तसेच केले होते. महागडे पॅड बसवले, तरी पुढच्या वेळी पेडल पुन्हा मऊ पडून खाली गेले, आणि मग लक्षात आले की दोष पॅडचा नव्हताच. तीन वर्षे न बदललेले ब्रेक ऑइल कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड डिस्कच्या तबकडीवर दाबणाऱ्या भागात, उकळत होते. म्हणून या लेखात निदान आधी आणि खरेदी नंतर येते.

ब्रेक हे वेगाचे उष्णतेत रूपांतर करणारे यंत्र आहे, हे प्रथम आकड्यांत समजून घ्यावे. १,००० किलो वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून पूर्ण थांबवताना सुमारे ३८६ किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. एवढ्या ऊर्जेत साधारण सव्वा लिटर पाणी उकळीला येईल, आणि हे सगळे चारेक सेकंदांत घडते. यातला सुमारे ७० टक्के भार पुढच्या चाकांवर येतो असे धरले आणि पुढच्या दोन्ही बिडाच्या डिस्कचे वजन मिळून १० किलो मानले, तर प्रत्येक वेळी डिस्कचे तापमान अंदाजे ६० अंश सेल्सिअसने वाढते. शहरात दोन सिग्नलमध्ये ती उष्णता वाऱ्यावर निघून जाते; ट्रॅकवर पुढचे वळण त्याआधीच येते, आणि अंश एकावर एक साचत जातात.

पहिली पायरी म्हणजे फेड, म्हणजे तापल्यामुळे ब्रेकचा जोर कमी होणे, कोणत्या प्रकारचा आहे हे पायाने ओळखणे. पेडल कडक आणि नेहमीच्या उंचीवर आहे, पण कितीही जोर दिला तरी गाडी थांबत नाही, असे असेल तर पॅडचे घर्षण कमी झाले आहे, म्हणजे पॅड आपल्या तापमानमर्यादेपलीकडे गेले आहे. पेडल मऊ पडून खाली जाते आणि दोन-तीनदा दाबल्यावर थोडे वर येते, असे असेल तर ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले आहेत; द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते, म्हणून पायाचा जोर कॅलिपरपर्यंत पोहोचतच नाही. तिसरा प्रकार नव्या पॅडचा: पहिल्याच कडक वापरात त्यातील राळ तापून वायू सुटतो आणि त्याचा पातळ थर पॅड व डिस्क यांच्यामध्ये येतो. मागे ड्रम असणाऱ्या गाड्यांत आणखी एक गोष्ट घडते. तापलेला ड्रम फुगून लायनरपासून दूर जातो आणि पेडलचा प्रवास लांबतो. कोणतेही लक्षण दिसले तरी तत्क्षणी वेग कमी करावा, गिअर खाली घ्यावा आणि पुढची फेरी ब्रेक न वापरता सावकाश पूर्ण करावी. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर, आल्यावर हँडब्रेक ओढून ठेवू नये. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला अडण लावावी.

दुसरी पायरी ऑइलची, आणि माझ्या मते सर्वांत कमी खर्चात सर्वांत मोठा फरक इथेच पडतो. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, आणि त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना ओलाव्याबद्दल वेगळे सांगायला नको. डॉट ३ या प्रतीच्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू कोरडे असताना २०५ अंश असतो; सुमारे ३.७ टक्के पाणी शिरले की त्याच प्रतीसाठी ही किमान मर्यादा १४० अंश धरली जाते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८० आहेत. नाव सारखे वाटले तरी डॉट ५ हे सिलिकोनचे असते. ते या तिन्हींत कधीही मिसळू नये. पावसाळा संपल्यावर, स्पर्धांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, सीलबंद डब्यातले डॉट ४ किंवा त्याहून वरच्या प्रतीचे ऑइल घालून चारही चाकांची हवा काढून घ्यावी. अर्धा उरलेला जुना डबा मेकॅनिकने पुढे केला तरी नम्रपणे नको म्हणावे.

याच वेळी कॅलिपरच्या सरकत्या पिना साफ करून त्यांना उच्च तापमानाचे सिलिकोन ग्रीस लावावे, कारण पीन अडकली की एकच पॅड सगळे काम करते आणि तेच आधी जळते. झिजलेले पॅड उष्णता लवकर पिस्टनकडे सोडते, त्यामुळे अर्ध्याहून कमी जाडीच्या पॅडने शर्यतीत उतरू नये. ब्रेकची धूळ हवेच्या दाबाने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते.

आता पॅडकडे वळू. निवडीचा खरा प्रश्न ‘सर्वांत चांगले कोणते’ हा नसून ‘माझी डिस्क किती तापते’ हा आहे. ते मोजण्यासाठी डिस्कच्या कडेला तापमानानुसार रंग बदलणारा रंग लावता येतो. निदान फेरीनंतर पिटमध्ये इन्फ्रारेड थर्मामीटर तरी धरावा, मात्र गाडी आत येईपर्यंत डिस्क बरीच निवलेली असते हे ध्यानात ठेवावे. रस्त्यावरचे साधे सेंद्रिय पॅड ३०० ते ३५० अंशांच्या आसपास दम सोडू लागतात. शर्यतीचे पॅड ६०० अंशांपलीकडेही टिकतात, पण थंड असताना ते नीट पकडत नाहीत, डिस्क अधिक खातात आणि किंचाळतात. नाशिकच्या आसपास मातीच्या मैदानावर होणाऱ्या ऑटोक्रॉसमध्ये टायरची पकडच कमी असते, फेरी दोन-तीन मिनिटांची असते आणि दोन फेऱ्यांमध्ये ब्रेक निवतात. तिथे असे पॅड पहिल्याच वळणावर दगा देतील. मातीसाठी चांगल्या प्रतीचे सेमी-मेटॅलिक (धातूचे कण मिसळलेले) रस्त्याचे पॅड पुरेसे आहे. कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जाणार असाल, तर त्या दौऱ्यासाठी पॅडचा वेगळा संच ठेवावा, आणि तो बसवून रोज मुंबई नाक्याच्या गर्दीत गाडी चालवू नये. एकच संच दोन्हीकडे उत्तम चालतो असे सांगणाऱ्या विक्रेत्याकडून मी तरी पॅड घेणार नाही.

काही पॅडच्या कडेवर ‘एफएफ’ किंवा ‘ईएफ’ अशी दोन अक्षरे रोमन लिपीत छापलेली असतात. पहिले अक्षर सामान्य तापमानातील आणि दुसरे तापल्यावरचे घर्षण सांगते. ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. ही चाचणी साधारण ३४० अंशांपर्यंतच्या तापमानात होते, त्यामुळे ट्रॅकसाठी ती अपुरी आहे. तिथे निर्मात्याने दिलेला तापमान आणि घर्षणाचा आलेख पाहावा आणि ज्याची रेषा सपाट आहे ते पॅड घ्यावे, कारण पायाला अंदाज बांधता येणे हे नुसत्या कडक पकडीपेक्षा मोलाचे असते. पुढचे पॅड फार आक्रमक आणि मागचे लायनर मूळचेच ठेवले, तर ब्रेकचा तोल पुढे सरकतो आणि पुढची चाके आधी अडकतात, हेही विसरू नये. आपल्या स्पर्धा-गटाच्या नियमांत कोणते बदल चालतात, ते आयोजकांकडून आधीच विचारून घ्यावे.

शेवटची पायरी नवे पॅड मुरवण्याची. आयोजकांच्या परवानगीने मोकळ्या मैदानात किंवा बंद रस्त्यावर, महामार्गावर कदापि नाही, ताशी ६० वरून १० किलोमीटरपर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरवावा. प्रत्येक वेळी जोर थोडा वाढवावा, पण गाडी पूर्ण थांबवू नये. तापलेल्या डिस्कवर पॅड स्थिर राहिले तर त्याचा ठसा तिथेच उमटतो आणि पुढे पेडल थरथरते. त्यानंतर दहा मिनिटे ब्रेक न लावता गाडी फिरवून सगळे निवू द्यावे. डिस्कवर सर्वत्र सारखा करडा थर दिसला की पॅड बसले. मधे चमकदार पट्टे राहिले असतील, तर पूर्ण निवल्यानंतर हीच कृती पुन्हा करावी.