पॅथोजेनेसिसचा (जंतू आजार कसा करतो त्याचा) चॅप्टर घोकंपट्टी न करता कसा वाचायचा (टायफॉइडचा बॅक्टेरिया धरून)

बीएस्सी मायक्रो असो नाहीतर एमबीबीएसचं सेकंड इयर, हा चॅप्टर आला की सगळे एकच करतात, व्हिरुलन्स फॅक्टरची (जंतूला आजार करायला मदत करणाऱ्या गोष्टींची) यादी घोकायची, कॅप्सूल, पिली, एन्डोटॉक्सिन, अमुक प्रोटीन तमुक प्रोटीन, आणि पेपरच्या दिवशी कुठलं कुणाचं ते सगळं एकत्र कालवलं जातं. त्यापेक्षा एकच बॅक्टेरिया पकडा आणि तो तोंडातून आत गेल्यापासून त्याच्या मागे मागे जा. प्रत्येक मुक्कामाला दोनच प्रश्न: आपल्या पेशीचं कुठलं रोजचं काम त्याने स्वतःसाठी जुंपलं, आणि नेमकं कधी? "कधी"वाला प्रश्न नोट्समध्ये सहसा नसतोच, खरी गंमत मात्र तिथेच आहे.

मी साल्मोनेला घेतो, टायफॉइडचा बॅक्टेरिया याच घराण्यातला. कागद आडवा धरा, डावीकडे आतडं, मध्ये मॅक्रोफेज (जंतू गिळणारी आपली पेशी), उजवीकडे पित्ताशय. प्रत्येक ठिकाणी आधी पेशीचं काम लिहायचं, प्रोटीनचं नाव सगळ्यात शेवटी.

पहिला मुक्काम लहान आतड्याचा शेवटचा भाग. तिथल्या अस्तराच्या पेशी काही जंतू गिळणाऱ्या नव्हेत, मग हा आत जातो कसा? त्याच्याकडे टाइप थ्री सिक्रीशन सिस्टीम असते, म्हणजे चक्क सुई, तिने तो आपली प्रोटिनं थेट पेशीत टोचतो. पेशीत रॅक-१ आणि सीडीसी-४२ नावाची बटणं आहेत, ती दाबली की आतला ॲक्टिनचा सांगाडा हलतो, पृष्ठभागाला मोठ्या चुण्या पडतात आणि बॅक्टेरिया त्या चुण्यांबरोबर आत ओढला जातो. सॉप-ई हे प्रोटीन ती बटणं चालू करतं आणि एसपीटीपी नावाचं दुसरं प्रोटीन तीच बटणं बंद करतं, म्हणजे पेशी परत गुळगुळीत, जणू काही झालंच नाही. आता इथे थांबा. दोन्ही प्रोटिनं आत शिरताना एकदमच टोचली जातात, मग आधी चालू आणि नंतर बंद हा क्रम लागतो कसा? तर पेशीचं स्वतःचं प्रोटिएझोम (नको असलेली प्रोटिनं मोडणारं यंत्र) सॉप-ईला पटकन मोडून टाकतं आणि एसपीटीपी जास्त वेळ टिकतं. म्हणजे पाहुणा न बोलावता आत आला तो आलाच, वर दार लावायचं कामही घरच्यांनाच लावलं!

एक सावधगिरी. ही सॉप-ई–एसपीटीपीची गोष्ट टायफीम्युरियम या साल्मोनेलाच्या सेरोव्हारवर (उपप्रकारावर) सिद्ध झालेली आहे, जो उंदरात टायफॉइडसारखा आजार करतो आणि माणसात बहुतेक वेळा नुसते जुलाब. खरा टायफॉइड करणारा सेरोव्हार टायफी फक्त माणसालाच होतो, त्यामुळे त्याच्यावर प्रयोग करणं अवघड. नोट्समध्ये प्रत्येक ओळीपुढे सेरोव्हार लिहायची सवय लावा, व्हायवात इथेच पकडतात.

दुसरा मुक्काम मॅक्रोफेज. हा जंतू गिळतो आणि ज्या पिशवीत ठेवतो ती ॲसिडिक करतो, मारण्यासाठी. साल्मोनेलाला तेच ॲसिड म्हणजे "पोचलो" अशी खूण, त्यावरून पीएचओपी-पीएचओक्यू ही खूण ओळखणारी प्रोटिनांची जोडी जागी होते आणि एसपीआय-२ या जीन्सच्या गटाची दुसरी सुई तयार होते, तिच्यातून गेलेली प्रोटिनं त्या पिशवीला राहण्यालायक करून घेतात. मग लिव्हर, स्प्लीन, बोनमॅरो. ब्लड कल्चर निगेटिव्ह असतानाही बोनमॅरो कल्चर पॉझिटिव्ह येऊ शकतं ते यामुळेच.

आता व्हीआय कॅप्सूल, टायफीची खासियत. ही बाहेरची पॉलिसॅकराइडची चादर एलपीएस (बॅक्टेरियाच्या पृष्ठभागावरचं एन्डोटॉक्सिन) झाकते, म्हणून ते ओळखणाऱ्या आपल्या टीएलआर-४ या रिसेप्टरला तो नीट दिसत नाही आणि कॉम्प्लिमेंट ही रक्तातली जंतूविरोधी प्रोटिनंही कमी चिकटतात. शिवाय टीव्हीआय-ए हे प्रोटीन फ्लॅजेलिन (शेपटीचं प्रोटीन, तेही शरीर ओळखतं) बनवणंही कमी करतं. सुरुवातीला आतड्यात फार आग लागतच नाही, आठवडा-दोन आठवडे शांतता आणि मग एकदम ताप. हे प्रॅक्टिकलला डोळ्यांनी दिसतं: स्लाइडवर टायफीच्या ताज्या कल्चरला ओ अँटीसेरम (एलपीएसच्या ओ भागाला चिकटणाऱ्या अँटीबॉडी) लावलं की कधीकधी गुठळ्या होतच नाहीत, सस्पेन्शन उकळून घेतलं की व्हीआय निघून जातं आणि मग छान गुठळ्या. जे अँटीसेरमला दिसत नव्हतं तेच शरीरालाही दिसत नव्हतं, एवढं कळलं की इम्यून इव्हेजनची (प्रतिकारशक्तीला चुकवण्याची) डेफिनिशन पाठ करायची गरज नाही.

पित्ताशयाचं थोडक्यात. तिथे खड्यांवर बायोफिल्म (चिकट थर) करून तो वर्षानुवर्षं राहतो. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन अशीच कॅरियर (स्वतः आजारी न दिसता जंतू पसरवणारी) होती.

हा एक नीट झाला की बाकीचे पटापट बसतात, फक्त "मॅक्रोफेजच्या पिशवीचं काय केलं" एवढंच विचारा. टीबीचा जंतू पिशवी लायसोसोमला (पेशीतल्या पचवणाऱ्या पिशवीला) जुळू देत नाही, लिस्टेरिया लिस्टेरिओलायसिन-ओ या प्रोटिनाने ती फोडून बाहेर पडतो, कॉक्सिएला मात्र बिनधास्त त्या ॲसिडमध्येच वाढतो, असाही एक असतो.

आणि कुठलंही प्रोटीन "व्हिरुलन्स फॅक्टर" म्हणून लिहिताना स्टॅनली फॉल्को यांचे १९८८ चे मॉलिक्युलर कॉख पोस्च्युलेट्स लावून बघा: जीन बिघडवला तर आजार करण्याची ताकद कमी होते का, परत घातला तर परत येते का. पुरावा नसेल तर प्रश्नचिन्ह टाका आणि पुढे चला.

स्वतःची परीक्षा घ्यायला एक प्रश्न. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने मुलांना टायफॉइडची कॉन्ज्युगेट लस दिली, तिच्यात टार्गेट व्हीआयच आहे. पॅराटायफी-ए (पॅराटायफॉइड करणारा साल्मोनेला) ला व्हीआय नसते. लस घेतलेल्या मुलाला पॅराटायफॉइड झाला तर आईला तुम्ही काय सांगाल, पुस्तक न उघडता चार ओळीत लिहा.